फ्रंटवर ख्रिसमस कसा होतो? पहारा कोण देतंय ते बघा, मग समजेल

डिसेंबर लागला की इकडे सदरमधे एसएफएस कॅथेड्रलच्या आजूबाजूला लायटिंग लागते, केकच्या दुकानात गर्दी होते, आणि मोबाईलवर ती १९१४ ची गोष्ट फिरायला लागते. इंग्रज आणि जर्मन सैनिक ख्रिसमसला खंदकातून बाहेर आले, हात मिळवले, फुटबॉल खेळले वगैरे. आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर युक्रेनच्या बातम्या चालू असतात, २०२४ मधे तर २५ डिसेंबरच्या सकाळीच रशियाने तिथल्या वीज केंद्रांवर ७० पेक्षा जास्त मिसाईल आणि १०० च्या वर ड्रोन सोडले. मग लोक विचारतात, नेमकं खरं काय? लढाई चालू असताना सैनिक सण करतात तरी कसा, त्या दिवशी लढाई थांबते का, खातात काय, घरच्यांशी बोलणं होतं का?

मला वाटते त्या फुटबॉलच्या गोष्टीने आपला थोडा गोंधळच केला आहे. आपल्याला वाटते सण व्हायचा तर आधी लढाई थांबली पाहिजे. प्रत्यक्षात लढाई चालू असतानाच सण झालेत, हजारो वेळा झालेत, आणि ते झाले कारण तेवढा वेळ दुसरं कोणीतरी बंदूक घेऊन जागं होतं. सुरुवातीपासून सांगतो.

आधी फ्रंट म्हणजे काय

नकाशावर फ्रंट एक लाल रेघ दिसते, पण तो असतो एक जाड पट्टा. पहिल्या महायुद्धात अगदी पुढे एक खंदक, त्याच्या मागे मदतीला दुसरा, त्याच्या मागे राखीव लोकांचा तिसरा, आणि आणखी मागे एखाद्या गावात गोठ्याबिठ्यात झोपलेली बटालियन, असं होतं. पुढच्या खंदकात कोणी कायम राहत नसे, काही दिवस तिथे काढले की मागची तुकडी येऊन जागा घ्यायची. या बदलीला फौजेत रिलीफ म्हणतात, आणि हा एक शब्द लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

आपल्या कोराडीच्या पॉवर स्टेशनचं बघा ना. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळ्या नागपुरात दिवे लागलेले असतात, म्हणजे त्या रात्री तर ते बंद ठेवणं शक्यच नाही, मग तिथले लोक काय करतात, अर्धे संध्याकाळी घरी पूजा करून रात्री ड्युटीवर जातात आणि बाकीचे ड्युटी करून मग घरी जाऊन फटाके उडवतात. सण सगळ्यांचा होतो पण एकाच वेळी होत नाही. फ्रंटवर हेच, फक्त तिथे शिफ्ट बदलायला पाच मिनिटं उशीर झाला तर जीव जातो.

म्हणून २५ डिसेंबरला पुढच्या खंदकात ज्याची पाळी आली त्याचा ख्रिसमस म्हणजे गार डबा, थोडी रम आणि पहाटे-संध्याकाळी सगळ्यांनी बंदुका धरून तयार उभं राहायचं, रोजच्यासारखंच. जो मागच्या गावात होता त्याला गरम जेवण, प्रार्थना, गाणी. दोघंही एकाच बटालियनचे, दोघांची चिठ्ठी वेगळी निघाली एवढंच.

ओर्तोना, १९४३: चर्चमधे जेवण आणि पुढच्या गल्लीत मशीनगन

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मला ओर्तोनाचं वाटते. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे छोटं गाव, दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४३ मधे कॅनडाची फौज ते जिंकायला लढत होती आणि समोर जर्मन पॅराशूट डिव्हिजनचे लोक एकेका घरात घुसून बसले होते. रस्त्यावर पाऊल टाकलं की गोळी, म्हणून कॅनडावाले घराच्या भिंतीला स्फोटकाने भोक पाडून या घरातून त्या घरात जायचे, रस्त्यावर उतरायचेच नाहीत. आठवडाभर हेच.

२५ तारखेला सीफोर्थ हायलँडर्स ऑफ कॅनडा या बटालियनने काय केलं, तर लढाईपासून अगदी थोड्या अंतरावर सांता मारिया दी कोस्तांतिनोपोली नावाचं चर्च होतं, त्यात टेबलं मांडली. पांढऱ्या चादरी अंथरल्या, आजूबाजूच्या पडक्या घरांतून चिनी मातीची भांडी गोळा केली. सूप, भाजलेलं पोर्क, बटाटे, भाज्या, पुडिंग, संत्री, चॉकलेट, प्रत्येकाला एक बाटली बिअर. एक अधिकारी ऑर्गन वाजवत होता. आणि बटालियनच्या कंपन्या, म्हणजे तिच्यातल्या छोट्या तुकड्या, एकेक करून आल्या, एका कंपनीने लढाईतून निघून यायचं, जेवायचं, गाणी म्हणायची आणि परत आपल्या घराघरांत जाऊन बसायचं, मग तिथून दुसरी कंपनी यायची. दिवसभर असंच चाललं. गोळीबार एक मिनिट थांबला नव्हता. जेवून परत गेलेल्यांपैकी काही जण त्याच दिवशी मारले गेले.

हे वाचलं की पहिल्यांदा अंगावर काटा येतो आणि मग प्रश्न पडतो की एवढा खटाटोप कशाला केला असेल, चार दिवसांनी जेवले असते तर काय बिघडलं असतं? पण चार दिवसांनी कोण कोण उरणार होतं हे त्यांना माहीतच नव्हतं ना. २८ डिसेंबरपर्यंत जर्मन गाव सोडून गेले होते, पण २५ तारखेला हे कोण सांगू शकत होतं. त्या अधिकाऱ्यांनी हिशोब बरोबर केला असं मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार कोणी सांगत नाही. ओर्तोनाच्या बाजूलाच विला ग्रांदे नावाच्या गावात त्याच आठवड्यात ८वी इंडियन डिव्हिजन लढत होती. याच डिव्हिजनमधे मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, ज्या बटालियनच्या नामदेव जाधवांना पुढे एप्रिल १९४५ च्या इटलीतल्याच लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे ख्रिसमसच्या त्या आठवड्यात ज्यांचा हा सण नव्हता असे आपले हजारो लोक त्याच चिखलात उभे होते.

पण १९१४ मधे तर लढाई थांबली होती ना?

हो, थांबली होती, ती गोष्ट खोटी नाही. पण ती का थांबली हे कळलं की पुन्हा का थांबली नाही तेही कळते.

डिसेंबर १९१४ मधे युद्ध सुरू होऊन पाचच महिने झाले होते. बेल्जियम आणि फ्रान्सच्या त्या भागात दोन्ही बाजूंचे खंदक काही ठिकाणी ५०-१०० मीटरवर होते, म्हणजे समोरच्याचं खोकणंसुद्धा ऐकू यायचं. मधल्या मोकळ्या पट्ट्याला नो मॅन्स लँड म्हणत, आणि त्यात दोन्हीकडच्या माणसांची प्रेतं आठवडेच्या आठवडे पडून होती. पावसाने खंदक गुडघाभर पाण्याने भरलेले, आणि नेमकं २४ तारखेला कडक थंडी पडली, जमीन गोठली, आकाश मोकळं झालं. जर्मनांनी खंदकाच्या काठावर मेणबत्त्या लावलेली छोटी झाडं ठेवली आणि गायला लागले. त्यांच्यात बरेच जण आधी इंग्लंडमधे वेटर, न्हावी म्हणून काम केलेले होते, त्यांना इंग्रजी येत होतं. मग बोलणं सुरू झालं.

बहुतेक ठिकाणी पहिलं काम झालं ते मृतांना पुरायचं. एका जागी दोन्ही बाजूंनी मिळून अंत्यविधी केला आणि बायबलमधलं तेविसावं स्तोत्र दोन्ही भाषांत वाचलं. फ्रेलिंगेन गावाजवळ जर्मनांनी तिथल्या ब्रूअरीतली बिअरची पिंपं दिली आणि ब्रिटिशांनी बदल्यात पुडिंग दिलं. फुटबॉल काही ठिकाणी लाथाडला गेला, पण सगळ्या फ्रंटवर मॅच रंगली वगैरे नाही. ३९व्या गढवाल रायफल्सचे आपले जवानही त्या वेळी तिथे होते आणि तेसुद्धा समोरच्या जर्मनांना भेटले, हे मोबाईलवरच्या फॉरवर्डमधे कधी नसते.

आणि हे वरून ठरलेलं अजिबात नव्हतं. पोप बेनेडिक्ट १५वे यांनी ७ डिसेंबरला तात्पुरत्या युद्धविरामाचं आवाहन केलं होतं, सरकारांनी ते मानलं नाही. उलट त्याच्या दोन दिवस आधी ब्रिटिश जनरल स्मिथ-डोरियन यांनी आपल्या अधिकाऱ्यांना लेखी बजावलं होतं की समोरासमोर बसलेल्या सैनिकांत सलोखा होऊ लागतो आणि मग त्यांना लढवणं अवघड जाते. ज्या दिवशी फ्लँडर्समधे, म्हणजे बेल्जियमच्या याच भागात, हात मिळवले जात होते त्याच २५ तारखेला ब्रिटिश नौदलाची विमानं जर्मनीत कुक्सहाफेनवर हल्ला करायला गेली होती, आणि फ्रंटवरही कित्येक ठिकाणी गोळीबार चालूच होता, माणसं मेली.

फ्रेलिंगेनची दुसऱ्या दिवशीची सकाळ मला सगळ्यात जास्त विचारात पाडते. ब्रिटिश कॅप्टनने हवेत तीन गोळ्या झाडल्या, मेरी ख्रिसमस लिहिलेला कपडा वर केला, समोरून जर्मन कॅप्टनने थँक यू लिहिलेली चादर दाखवली, दोघांनी काठावर उभं राहून एकमेकांना वाकून सलाम केला, जर्मनाने हवेत दोन गोळ्या झाडल्या आणि युद्ध परत सुरू झालं. त्या दोघांना पूर्ण कल्पना होती की ही सुट्टी आपल्या हातात फार वेळ राहणार नाही.

पुढच्या वर्षी हुकूम कडक झाले. १९१५ च्या ख्रिसमसला थोडा वेळ मृतांना पुरायला परवानगी दिली म्हणून स्कॉट्स गार्ड्सच्या एका कॅप्टनवर कोर्ट मार्शल झालं, त्याला फक्त समज देऊन सोडलं पण संदेश सगळ्यांपर्यंत गेला. शिवाय मधल्या काळात एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ विषारी वायू सोडला गेला होता. ज्याचे मित्र गुदमरून मेले तो झाडावरच्या मेणबत्त्या बघून बाहेर येणार नाही.

एक दिवस बंद ठेवायला काय जाते?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. अडचण विश्वासाची आहे. तुम्ही सण करत असाल हे शत्रूला कॅलेंडर बघून कळते, त्याला वेगळा गुप्तहेर लागत नाही.

१७७६ मधे जॉर्ज वॉशिंग्टनने डेलावेअर नदी ओलांडली ती ख्रिसमसच्याच रात्री, आणि सकाळी ट्रेंटनमधल्या, इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या भाडोत्री जर्मन फौजेला गाठलं. १९४१ ला हाँगकाँग जपान्यांच्या हातात गेलं तो दिवस २५ डिसेंबर, आणि तिथे शेवटपर्यंत लढलेल्यांत आपली राजपूत आणि पंजाब रेजिमेंटची माणसं होती. १९४४ ला बेल्जियममधे बास्तोन गावात अमेरिकेची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन वेढ्यात सापडलेली, जर्मनांनी ख्रिसमसच्या पहाटे अंधारातच टँक घेऊन हल्ला केला. तिथल्या जनरल मॅकऑलिफने जवानांना ख्रिसमसचं पत्रक वाटलं होतं आणि त्याची सुरुवातच अशी की यात आनंदाचं काय आहे असं तुम्ही विचाराल, आपण लढतो आहोत, थंडी आहे, घरी नाही आहोत. मला हे पत्रक फार आवडते, कारण त्यात खोटा धीर दिलेला नाही. वेढा २६ तारखेला फुटला. आणि ही फक्त ख्रिसमसची गोष्ट नाही, १९७३ ला इस्राएलवर हल्ला झाला तो योम किप्पूर या ज्यूंच्या सगळ्यात पवित्र दिवशी, १९६८ ला व्हिएतनाममधे मोठा हल्ला झाला तो तिथल्या नवीन वर्षाच्या सणाला.

जाहीर युद्धविरामही करून बघितले गेले. व्हिएतनाममधे ख्रिसमसला थोड्या तासांचे झाले, १९७२ ला तर अमेरिकेने हनोईवर बॉम्बफेक सुरू केली, ख्रिसमसला ३६ तास थांबवली आणि २६ तारखेला पुन्हा चालू केली. जानेवारी २०२३ मधे पुतिन यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिसमससाठी ३६ तासांचा युद्धविराम जाहीर केला, युक्रेनने तो मानला नाही, म्हणाले हा फौज सावरायला वेळ काढायचा डाव आहे, आणि दोन्हीकडून तोफा चालूच राहिल्या. त्यात आणखी गुंता म्हणजे तारीख. तिथे बरेच लोक जुन्या कॅलेंडरप्रमाणे ७ जानेवारीला ख्रिसमस करायचे, युक्रेनने २०२३ मधे कायदा करून सरकारी सुट्टी २५ डिसेंबरला आणली. म्हणजे आता दोन शत्रूंचा एकच सण दोन वेगळ्या दिवशी येतो.

मग सैनिकापर्यंत सण पोचतो कसा? पोस्टाने

जेवण आणि रिलीफ झालं, तिसरी गोष्ट टपाल. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश टपालखातं ऐन भरात असताना आठवड्याला १.२ कोटी पत्रं फ्रंटवर पोचवत होतं. १९१४ च्या ख्रिसमसला राजकन्या मेरीच्या नावाने निधी जमवून सैनिकांना पितळी डब्या पाठवल्या, ख्रिसमसपर्यंत साडेतीन लाखांच्या वर वाटून झाल्या. आत तंबाखू, सिगारेट, पाईप, शुभेच्छापत्र. जे ओढत नाहीत त्यांना पेन्सिल आणि चघळायच्या गोळ्या, शीख जवानांना खडीसाखर आणि मसाल्यांची डबी. एवढ्या घाईगर्दीत कोणीतरी बसून विचार केला की शिखाला तंबाखू चालत नाही, मला हे मोठं वाटते.

आपल्या फौजेच्या टपालाचं ट्रेनिंग कुठे होते माहीत आहे? इथेच, कामठीला. आर्मी पोस्टल सर्व्हिसचं सेंटर कामठीत आहे, आणि त्यातले बहुतेक लोक पोस्ट खात्यातून डेप्युटेशनवर आलेले असतात, म्हणजे काल गावात मनिऑर्डर वाटणारा माणूस उद्या बर्फातल्या फील्ड पोस्ट ऑफिसात शिक्के मारतो. तुमच्या घरातलं कोणी फौजेत असेल तर पत्त्यावर शेवटी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) लिहिता, गावाचं नाव लिहितच नाही. कारण असं की पाकिटावर ठिकाण असतं तर नुसती पाकिटं बघून कोणती पलटण कुठे आहे ते कळलं असतं. म्हणून सगळं टपाल आधी फौजेच्या बेस पोस्ट ऑफिसात जाते, युनिट आता कुठे आहे हे तिथल्यांना माहीत असते, ते पिशव्या लावतात. युनिट हललं तरी तुमचा पत्ता तोच राहतो.

आपल्या फौजेत कसं करतात?

एलओसीवर बर्फात सांताची टोपी घालून नाचणाऱ्या जवानांचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. पलटणीत सणाला बडा खाना होतो, म्हणजे अधिकारी, जेसीओ (जवान आणि अधिकारी यांच्या मधला हुद्दा), जवान सगळे एकत्र जेवतात. ब्रिटिश फौजेत तर ख्रिसमसच्या दिवशी अधिकारी वाढतात आणि जवान बसतात, सकाळी चहात रम घालून अधिकारीच आणून देतात.

कामठीलाच ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे. लष्करप्रमुख करिअप्पांनी १९४९ मधे ही रेजिमेंट उभी केली ती मुद्दाम सगळ्या प्रांतांची, सगळ्या धर्मांची एकत्र. अशा पलटणीत ख्रिसमसला ख्रिश्चन जवान प्रार्थनेला गेला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो आणि दिवाळीला तो परतफेड करतो. नागा रेजिमेंटमधे साधारण अर्धे नागा, त्यातले बहुतेक ख्रिश्चन, आणि अर्धे कुमाऊँनी, गढवाली, गोरखा. ही रचना सणांचा विचार करून केलेली नाही, पण २५ डिसेंबरला आणि दसऱ्याला त्याचा फायदा होतच असणार. जिथे सगळ्यांचा सण एकच तिथे मात्र चिठ्ठ्या टाकायची वेळ येते.

प्रार्थना घ्यायला पाद्री असतो, आपल्याकडे त्याला जेसीओचा हुद्दा असतो, तसेच पंडित, मौलवी, ग्रंथी. जिनेव्हा कराराप्रमाणे फौजेतला पाद्री लढणारा माणूस धरला जात नाही, त्याच्यावर हल्ला करायला मनाई आहे. आणि युद्धकैद्यालाही आपला धर्म पाळायचा आणि घरून पार्सल घ्यायचा हक्क त्याच करारात लिहिलेला आहे.

हा सगळा फोटोपुरता देखावा नाही का?

काही वेळा फोटोसाठी असेलही, मोठा साहेब येतो, केक कापतो, जातो. पण ज्या फौजेत घरची आठवण काढायलाही वेळ मिळत नाही ती आतून झिजते, हे चांगल्या अधिकाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. युक्रेनमधे ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी बिनमांसाच्या बारा पदार्थांचं जेवण असते, त्यात मुख्य कुत्या, म्हणजे उकडलेला गहू, मध आणि खसखस. खंदकात बारा पदार्थ कुठून येणार, तरी कुत्या पाठवायची धडपड करतात. ओर्तोनाच्या चर्चमधे कॅमेऱ्यासाठी कोणी चादरी अंथरल्या नव्हत्या.

आता मोबाईल आहे, व्हिडिओ कॉल केला की झालं?

हे मी शेवटी ठेवलं कारण याचा संबंध थेट आपल्या घरांशी आहे. मोबाईल चालू झाला की तो टॉवर शोधतो, आणि ते सिग्नल शत्रूलाही पकडता येतात. एकाच इमारतीतून शंभर फोन एकाच रात्री घरी शुभेच्छा द्यायला चालू झाले तर तिथे शंभर माणसं आहेत हे कळायला काय लागते. २०२२ च्या शेवटच्या रात्री, नवीन वर्ष लागत असताना, माकिइव्का इथे रशियन सैनिक एका शाळेच्या इमारतीत होते, तिथे युक्रेनचे रॉकेट पडले. रशियाने स्वतः ८९ मेल्याचं सांगितलं आणि बंदी असताना जवानांनी फोन वापरले हे कारण दिलं. ड्रोन आल्यापासून तर पंधरा-वीस माणसं एका जागी जमणंच धोक्याचं झालं आहे, म्हणून युक्रेनच्या फ्रंटवर आता सण तळघरात तीन-चार जणांचा होतो, चर्चभर टेबलं मांडायचे दिवस गेले.

आपल्या फौजेनेही २०२० मधे जवानांच्या फोनवरच्या ८९ ॲपवर बंदी आणली, फेसबुक, इन्स्टाग्राम धरून. म्हणून तुमच्या घरातलं, शेजारचं कोणी पुढच्या चौकीवर असेल आणि नेमकं ख्रिसमसला, दिवाळीला त्याचा फोन बंद लागून राहिला तर लगेच मनात भलतंच आणू नका, सणाच्या दिवशी फोन बंद ठेवायचा हुकूम असू शकतो, किंवा नेमका त्याच वेळी तो दुसऱ्या कोणाच्या जागी उभा असू शकतो. त्याला तो कुठे आहे हे विचारू नका, त्याने पाठवलेला फोटो ग्रुपवर टाकू नका. आणि फराळ किंवा केक पाठवायचा तर महिनाभर आधी टाका, डब्यावर युनिटचं पूर्ण नाव आणि एपीओ नंबर नीट लिहा, टिकणारं पाठवा आणि थोडं जास्त पाठवा, कारण तिथे डबा एकट्याचा नसतो.